इब्न फिरनासचं शेपूट

मागच्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात एक जलसा झाला. वक्ते बाहेरगावचे होते, आवाज खणखणीत होता. बोलता बोलता ते विज्ञानावर आले. म्हणाले, राईट बंधूंच्या हजार वर्षं आधी आपल्या अब्बास इब्न फिरनासने स्पेनमध्ये आकाशात झेप घेतली होती, पण जगाने ते श्रेय आपल्याला दिलं नाही. मंडपात ‘सुब्हानल्लाह’ घुमलं. माझ्या शेजारी आठवीतला माझा एक विद्यार्थी बसला होता. त्याने मला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, “सर, फिर वो उतरे कैसे?”

त्या रात्री मंडपात विचारला गेलेला कामाचा प्रश्न हा एवढाच. वक्त्यांकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि त्यांना ते शोधायचंही नव्हतं.

उत्तर इतिहासात आहे. इब्न फिरनास नवव्या शतकात कुर्तुबा म्हणजे कोर्दोबा इथे होऊन गेला. त्याच्या उड्डाणाचं सविस्तर वर्णन आपल्याला मिळतं ते सतराव्या शतकातल्या अल-मक्करीकडून, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ साडेसातशे वर्षांनी. त्यात लिहिलंय की त्याने अंगाला पिसं लावली, पंख बांधले, उंचावरून झेप घेतली, काही अंतर तो तरंगला आणि उतरताना आपटून त्याच्या पाठीला मार बसला. कारणही तिथेच दिलंय. पक्षी उतरताना शेपटाचा आधार घेतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही, त्याने शेपूट लावलंच नव्हतं.

आपल्या तकरिरीत पंख येतात, पिसं येतात, चंद्रावरच्या विवराला त्याचं नाव दिलंय हेही येतं. शेपूट मात्र कधीच येत नाही. माझा आजचा सगळा वाद त्या शेपटाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट साफ करतो, म्हणजे कुणी मला एकतर्फी म्हणणार नाही. हा रोग फक्त आपला नाही. मराठी माणसाला शिवकर बापूजी तळपदे ठाऊक असतात. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं असं सांगितलं जातं, त्याचा भक्कम समकालीन पुरावा मिळत नाही, तरी टाळ्या पडतात. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो त्यातल्या आराखड्यांचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला आणि ही यंत्रं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालंच. म्हणजे दोन्ही घरांत एकच दुखणं आहे. आजोबा उडाले होते म्हणून नातवाने जमिनीवर बसून टाळ्या वाजवायच्या.

मी एका उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. विज्ञानाचा शिक्षक नाही. गेली काही वर्षं मी काही मुलामुलींना घेऊन रिमोटवर चालणारी छोटी विमानं बनवतो आणि उडवतो. आमचा क्लब म्हणजे एक लोखंडी कपाट, एक रजिस्टर, तीन विमानं आणि रविवारची सकाळ. याच्यावर मला जे ऐकावं लागतं त्याचं उत्तर आज एकदाच लिहून ठेवतो.

पहिला आक्षेप आपल्याच लोकांचा. “सर, कौमसमोर एवढे प्रश्न आहेत. पोरं दहावीनंतर शाळा सोडतायत, नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही विमानं उडवताय?” बोलणारा तळमळीने बोलतो, म्हणून त्याचा राग येत नाही. पण तो ‘विमान उडवणं’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर दुकानातून आणलेलं खेळणं असतं. आम्ही करतो ते वेगळं आहे.

आमचं पहिलं विमान फोमशीट कापून, बांबूच्या काडीचा आधार देऊन, हॉट ग्लूने चिकटवून झालं. मोटार, तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, नऊ-नऊ ग्रॅमच्या सर्वो, लिथियम पॉलिमर बॅटरी, रिसीव्हर आणि हातातला ट्रान्समीटर. सगळं धरून तेरा हजारांच्या आत. त्यातला ट्रान्समीटर पुढच्या प्रत्येक विमानाला चालतो, म्हणजे दुसरं विमान बरंच स्वस्त पडतं. नुसतं हाताने फेकायचं ग्लायडर तर वीस-तीस रुपयांत होतं, आणि आमच्याकडे प्रत्येक मुलाला आधी तेच करावं लागतं. एका वलीम्याच्या मंडपातल्या लायटिंगच्या पैशात एका शाळेचा क्लब वर्षभर चालतो. तेव्हा पैशाचं कारण सांगू नका. वाढदिवसाच्या फ्लेक्सला पैसे निघतात.

आता त्यातून मिळतं काय ते ऐका. पहिलं ग्लायडर फेकलं की ते हमखास नाक वर करतं, थबकतं आणि कोसळतं. मूल म्हणतं, जोर कमी पडला. जोराने फेकलं की जास्त जोरात कोसळतं. मग त्याला सांगायचं, पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत मोज, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर खालून दोन बोटं लाव, बघ विमान कुठे झुकतंय. ते मागे झुकत असतं. नाकाला थोडं वजन लावायचं. आता ते सरळ खाली घुसतं. मग शेपटावरच्या आडव्या पट्टीची मागची कड एक-दोन मिलिमीटर वर वाकवायची. नाक जड, आणि शेपूट मागून हलकेच खाली दाबणारं. या दोघांचा तोल साधला की ग्लायडर शाळेच्या पटांगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथ तरंगत जातं. त्या क्षणी मुलाचा चेहरा बघायला या, कौमच्या प्रश्नांवर मग बोलू.

हेच इब्न फिरनासचं शेपूट. १८७१ मध्ये अल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर चालणारं एक मॉडेल अकरा सेकंद उडवून दाखवलं, कारण त्याला हे शेपूट कळलं होतं. त्याच्याच धर्तीचं एक उडतं खेळणं १८७८ च्या सुमारास एका अमेरिकन पाद्र्याने आपल्या मुलांना आणून दिलं. त्या मुलांची नावं विल्बर आणि ऑर्विल राईट. १९०३ मध्ये ते बारा सेकंद उडाले. त्याआधी ते पतंग, ग्लायडर आणि स्वतः बनवलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात वर्षानुवर्षं चुकत होते. आमचा क्लब म्हणजे चुकायची जागा. आपल्या मुलांना तीच मिळत नाही. घरी चुकलं की मार, वर्गात चुकलं की गुण गेले, आणि रस्त्यावर चुकलं तर काय होतं ते मी सांगायला नको.

माझ्या क्लबातल्या एका मुलाचे वडील उद्यमनगरात मोटारी रिवाइंडिंग करतात. मुलगा विज्ञानात जेमतेम पास. आमच्या विमानाची छोटी मोटार हातात घेऊन त्याने आतल्या तांब्याच्या गुंडाळ्या मोजल्या आणि म्हणाला, “सर, ये तो अब्बा के पास की मोटार है, बस छोटी है.” दहावीच्या पुस्तकातला विद्युतचुंबकत्वाचा धडा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आपला वाटला. सोल्डरिंग तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. आपली मुलं गॅरेजात आहेत, एसी दुरुस्तीत आहेत, वायरिंगमध्ये आहेत, लेथवर आहेत. हात तयार आहेत. पुस्तक दुसरीकडे पडलंय. दोन्ही एका टेबलावर आणणारी जागा ना मोहल्ल्यात आहे, ना शाळेत.

आणि हे कोल्हापुरात सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. याच गावाला छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये विमानतळ दिला, तेव्हा देशातल्या भल्याभल्या शहरांना तो नव्हता. त्यांचे वडील शाहू महाराज १९०६ मध्ये मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे स्वतः अध्यक्ष झाले, म्हणून आज दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभं आहे. ते बोर्डिंग आमच्या मुलांनी जयंतीला हार घालून परत यावं म्हणून काढलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो भीतीचा आहे आणि ती भीती खोटी नाही. “सर, हल्ली वातावरण बघताय ना? आपल्या पोरांच्या हातात रिमोट, वर काहीतरी उडतंय. नक्को ये झंझट.”

वातावरण मी बघतो. ७ जून २०२३ ला मोबाइलच्या स्टेटसवरून या शहरात दगड उडाले. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांवर आणि मशिदीवर जमाव चालून गेला. त्याच वर्षी मराठवाड्यात आणि पुणे-नगरकडे रात्री ड्रोन फिरतात या बातमीने गावंच्या गावं जागत होती. अशा दिवसांत अनोळखी माणूस शेतात उभा राहून काहीतरी उडवतोय हे बघून कुणाच्या पोटात गोळा आला, तर मी त्याला दोष देणार नाही.

आमच्यावरही तो प्रसंग आला. पन्हाळा रस्त्याकडे एका मित्राचं पडीक रान आहे, तिथे आम्ही उडवत होतो. एक माणूस मोटारसायकल थांबवून आला. “काय कराय लागलाय? ड्रोन हाय काय?” मी दाखवलं, कॅमेरा नाही, फोमचं विमान आहे. तो हसला, जवळ येऊन बघू लागला. मग सहज म्हणून पोरांची नावं विचारली. नावं ऐकली आणि हसू गेलं. त्याने मोबाइल काढून आमचं चित्रण सुरू केलं. अर्ध्या तासाने दोन पोलीस आले. ते वाईट वागले नाहीत. मी रजिस्टर दाखवलं, वजनं दाखवली, रान कुणाचं ते सांगितलं, मित्राला फोन लावून दिला. त्यांनी सगळं पाहिलं आणि जाताना अकराही मुलांची नावं, पत्ते वहीत लिहून घेतले.

पुढच्या रविवारी चारच मुलं आली.

मी घरोघर गेलो. एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. मला चहा दिला आणि म्हणाले, “सर, तुम मास्तर हो, तुमको कुछ नै होता. हमारे पोरां का नाम पुलिस की वही में चढ्या ना.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. त्या रात्री मलाही वाटलं की कपाटाला कुलूप घालावं आणि मुलांना निबंध लिहायला बसवावं.

मग मी विचार केला की कुलूप घातलं तर मुलं त्यातून काय शिकतील. हेच शिकतील, की आकाश इतरांचं आहे आणि आपण मान खाली घालून चालायचं असतं. हा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, पण आपण तो घरात रोज शिकवतो. पोलिसांच्या वहीत नाव चढण्याचा धोका मी नाकारत नाही. पण मुलाच्या मनात त्याचं स्वतःचं नाव गुन्ह्यासारखं चढलं तर ते पुसायचं कुणी? आपण सावधगिरी म्हणतो त्यातली निम्मी सावधगिरी म्हणजे इतरांनी न घातलेली बंदी आपणच आपल्यावर घालून घेणं आहे.

म्हणून मी उलट बाजूने सुरुवात केली. कायदा वाचला. मी भाषेचा शिक्षक, वाचणं हेच माझं काम. २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम आपल्याला वाटतात तितके जाचक नाहीत. शिक्षण, चाचणी किंवा छंद यासाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरात उडवायच्या पंचवीस किलोपर्यंतच्या मॉडेलची त्यात स्वतंत्र व्याख्या आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, आणि व्यवसाय नसेल तर दोन किलोपर्यंतच्या यंत्रालाही, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ग्रीन झोनमध्ये चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा दोनशे फूट आहे. आठ किलोमीटरच्या आत मात्र जमिनीपासूनच परवानगी लागते. उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात घेतला तर आपल्या शहराचा मोठा भाग या आठ किलोमीटरमध्ये येतो. म्हणून गल्लीत, गच्चीवर किंवा शहरातल्या मैदानात उडवायचं नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि नोंदणीचे नियम बघून, शहराबाहेर जायचं.

आमचे स्वतःचे नियम त्याहून कडक आहेत. विमानावर कॅमेरा नाही. अंधारात उड्डाण नाही. माणसं, जनावरं, रस्ता, विजेच्या तारा यांच्यावरून नाही. प्रत्येक विमानावर क्लबचा फोन नंबर आणि वजन लिहिलेलं. उडवण्याआधी ट्रान्समीटर घेऊन लांब चालत जायचं आणि तिथून सर्वो हलतात का ते तपासायचं. सिग्नल तुटला तर मोटार आपोआप बंद व्हायला हवी, तेही जमिनीवर तपासायचं. बॅटरी चार्ज होताना कुणीतरी समोर बसायचं, बॅटरी वाळूच्या बादलीवर ठेवायची. प्रशासनाने बंदीचा आदेश काढला असेल त्या दिवसांत उड्डाण नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा आम्ही कपाट उघडलं ते फक्त धूळ पुसायला.

आणखी एक काम मी करतो. रविवारी जाण्याआधी गावच्या सरपंचांना आणि पोलिसांना एक पत्र देतो. किती मुलं, कोणती विमानं, किती वाजता. हे पत्र कुठल्याही नियमात मागितलेलं नाही. दुसऱ्या कुणा मास्तराला ते द्यावं लागलं असतं असं मला वाटत नाही. नावामुळे भरावा लागणारा हा जास्तीचा कर आहे. मुलं निर्धास्त उडवू शकावीत म्हणून मी तो भरतो. पण मी भरतो म्हणून तो न्याय्य ठरत नाही, आणि हे माझ्या मुस्लिमेतर वाचकांनी नीट ऐकावं अशी विनंती आहे. तुमचा मुलगा ड्रोन उडवतो तेव्हा तो हुशार असतो. आमचा उडवतो तेव्हा त्याचं नाव विचारलं जातं. यात तुमचा काही हात नसेलही, पण मोबाइल काढण्याआधी एकदा “जरा मला दाखव की” म्हणणं तुमच्या हातात आहे.

एक हितचिंतक म्हणाले, “क्लबला मुस्लिम नाव द्या, समाजाकडून मदत मिळेल.” मी नाही म्हटलं. वारा कुणाची जात विचारत नाही हे भाषणात बोलायला सोपं असतं, पण क्लब एकाच मोहल्ल्याचा झाला तर त्याच्याकडे बघणारे डोळेही बदलतात. आज आमच्यात ज्याच्या रानात उडवतो त्या मित्राची दोन मुलं आहेत, शेजारच्या मराठी शाळेतली तीन आहेत. आणि मुली आहेत. मुलींबद्दल कुरकुर झाली तेव्हा मी एकच सांगितलं, आमच्याकडे सर्वात सफाईने विमान उतरवते ती एक मुलगीच आहे. शेवटच्या दहा फुटांत मोटार बंद करून शेपूट हलकेच वर ओढायचं, वेग मारायचा आणि गवतावर टेकवायचं. हे मला अजून नीट जमत नाही.

आपण डॉ. अब्दुल कलामांचे फोटो लावतो. शाळेत, मंडळात, रिक्षांच्या मागेसुद्धा. त्यांची रॉकेटं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण रामेश्वरमच्या शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर नावाचे शिक्षक होते. त्यांनी फळ्यावर पक्षी काढून तो उडतो कसा हे सांगितलं, पोरांना कळलं नाही, तर संध्याकाळी सगळा वर्ग समुद्रावर नेऊन उडणारे पक्षीच दाखवले. कलाम स्वतः सांगत की आपल्या आयुष्याची दिशा तिथे ठरली. शिक्षक ब्राह्मण, मुलगा मुसलमान, आणि मध्ये एक पक्षी. त्या मास्तरांनी वर्ग बाहेर नेला नसता, तर आपल्याकडे लावायला फोटोही नसता.

म्हणून माझं मागणं थोडं आहे. प्रत्येक जलशाच्या खर्चातून एका शाळेला एक कपाट द्या. उर्दू शाळांच्या संस्थाचालकांनो, वर्षातून एक शिक्षक आणि दहा मुलं यांच्यासाठी ग्लायडरच्या कागद-फोमचा खर्च मंजूर करा. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने शहराबाहेर, नियमांत बसेल अशी एक मोकळी जागा रविवारी सकाळी दोन तास सगळ्या शाळांना खुली करावी. ती सरकारी आणि सगळ्यांची असली की कुणाला कुणाचं नाव विचारायची गरज उरणार नाही. आणि आई-वडिलांनो, मुलाला पाठवताना घाबरत असाल तर स्वतः बरोबर या. ते रिक्षावाले वडील आता येतात. रानाच्या कडेला रिक्षा लावतात, दोन तासांचा धंदा सोडतात, आणि पोराचं विमान खाली येईपर्यंत वर बघत राहतात. त्यांची भीती गेलीय असं मी म्हणणार नाही. पण सध्या आम्ही सोळा जण आहोत.

पुढच्या जलशात वक्ते पुन्हा इब्न फिरनासवर आले, तर माझी मुलं उठून शेपटाबद्दल विचारतील. आयोजकांनी तयारी ठेवावी.